फोन आपटला, म्हणून पत्र

लीड्स, 17 जुलै 2016

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

बाबा, त्या दिवशी फोन कटला नव्हता, मी आपटला होता. आईला 'रेंज गेली' म्हटलं ते खोटं. तेव्हापासून माझा फोन आला की तुम्ही तो आईकडे देता आणि टीव्हीचा आवाज वाढवता. कळतं मला.

24 जूनला इथे पहाटे पावणेपाचच्या सुमारास बीबीसीने सार्वमताचा निकाल सांगितला, ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं त्याचा. 51.9 टक्के बाहेर पडा, 48.1 टक्के राहा. मी रात्रभर जागी, आणि तुमचा फोन आला, "शाब्बास! पडले ना बाहेर!"

तुम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती, कारण मीच लपवली होती. 16 जूनला बर्स्टॉलमध्ये जो कॉक्स या 'राहा'च्या बाजूच्या खासदार बाईंचा खून झाला. वाचनालयात लोकांची गाऱ्हाणी ऐकायला आल्या होत्या. वय 41, घरी तीन आणि पाच वर्षांची लेकरं. बर्स्टॉल माझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. मी तिथे फुलं ठेवून आले होते, आणि वर तुमचं ते शाब्बास. आई, घाबरू नकोस गं. माझी गल्ली शांत आहे, बस दाराशी थांबते, अंधार पडायच्या आत घरी असते. उन्हाळ्यात इथे अंधारच मुळी दहाला पडतो म्हणा.

हो, मत मीही दिलं. भारतीय पासपोर्टवर! कॉमनवेल्थचे म्हणून आपल्याला चालतं. शेजारची पोलिश ताई 2005 पासून इथे आहे, तिला मात्र मत नाही. शाळेच्या खोलीत दोरीने बांधलेली पेन्सिल, कागदावर फुली, बोटाला शाई नाही. पेन्सिल खोडतील म्हणून काही लोक घरून पेन घेऊन आले होते. तुम्ही नक्की नेला असता.

आता मुख्य गोष्ट. मी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज केला आहे. विचारत नाहीये बाबा, सांगते आहे. रागाने केलेला नाही, तुमच्यावर तर नाहीच. निकालानंतरच्या सोमवारी त्या ताईच्या मुलाला शाळेत विचारलं, "मग तुम्ही कधी जाणार?" पोर सात वर्षांचं, जन्मच इथला. ती रात्री माझ्या ओट्याशी उभी राहून रडली. मी चहा टाकला, दुसरं काय करणार? मला इथे राहायची परवानगी आहे, पण परवानगी देणारे बदलतात. पंतप्रधान कॅमेरून निकालाच्याच सकाळी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले, बोरिस जॉन्सन आठवड्यात शर्यतीतून बाहेर, बुधवारी त्या जागी थेरेसा मे आल्या. 'बाहेर पडा'च्या प्रचाराच्या बसवर लिहिलं होतं, युनियनला आठवड्याला 35 कोटी पाउंड जातात, ते सरकारी आरोग्यसेवेला देऊ. त्याचं काय, तर 'बाहेर पडा'चेच पुढारी फराज म्हणाले ती चूक होती. अशा घरात भाडेकरू म्हणून राहायची हिंमत नाही माझी.

भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल, हे तुम्हाला टोचणार. मलाही टोचतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, येणं-जाणं आयुष्यभर सुरू. मत देता येणार नाही, शेत विकत घेता येणार नाही. काटोलचा संत्रा तसाही दादाच बघतो.

तुमच्याशी भांडायचं होतं ते आता अर्धंच उरलंय. माझ्यासोबत बार्न्सलीचा एक माणूस काम करतो. तिथे 68 टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं. आजोबा, वडील खाणीत. खाणी बंद झाल्या, पुढे काही आलं नाही, सगळं लंडनला. त्याचं ऐकताना मला 28 सप्टेंबरला, विदर्भ महाराष्ट्रात आणणाऱ्या नागपूर कराराची होळी करायला निघालेले तुम्ही दिसलात, खांद्यावर मी, हातात माझ्या भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. 'राजधानी गेली आणि बदल्यात हिवाळी अधिवेशन मिळालं.' अनुशेष हा शब्द त्याला शिकवायचा होता, इंग्रजीत सापडेना. त्याचं दुःख खरं आहे, औषध चुकलं असं मला वाटतं. तुमच्या विदर्भाबद्दल हे म्हणत नाहीये. तो वाद दिवाळीत, तर्री-पोह्यांवर.

आता दोघांनीही ऐका. कूलरची टाकी आजच्या आज उपसून, पुसून, उलटी करून ठेवा. 'गणपतीनंतर काढू' चालणार नाही, डेंग्यू वाट बघत नाही. आई, एकादशीला साबुदाणा खाल्लास ना? दादाने सांगितलं. साखर तपासून आकडा मला कळव, खरा आकडा. बाबा, सीताबर्डीला स्कूटर नेऊ नका, रिक्षा करा. पाउंड घसरलाय, म्हणून पैसे थोडे कमी दिसतील, त्यावरून औषधं अर्धी करू नका. माझं काही अडलेलं नाही. ब्रॅडफर्डला तुरीची डाळ, कढीपत्ता सगळं मिळतं, फक्त इथली कोथिंबीर आपल्या सांभारासारखा वास देत नाही.

दिवाळीला येते. अर्जाला महिने लागतात, पण तोवर काही बदललं असेल-नसेल, विमानतळावर तुम्हीच या घ्यायला, दादाला पाठवू नका.

रविवारी सकाळी नऊला, तुमच्या वेळेने, फोन करीन. बाबा, तुम्ही उचला.

तुमची,
छकुली