सही करण्याआधी

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कुमारांसाठीची तुझी कादंबरी पुरी झाली आणि प्रकाशकाचा करारही आला, हे वाचून फार आनंद झाला. पण 'एकरकमी पंधरा हजार, सर्व हक्क प्रकाशकाकडे' या कलमावर सही करू नकोस.

हिशेब बघ. तीस-बत्तीस हजार शब्द म्हणजे डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात सोळा पानांचा एक असे आठ फॉर्मे, १२८ पानं. किंमत १८० रुपये आणि मानधन दहा टक्के धरलं, तर हजार प्रतींमागे अठरा हजार होतात, तेही खपतील तसे. पहिल्या आवृत्तीपुरतं बघितलं तर एकरकमी आकडा वाईट नाही, आणि नवा लेखक भुलतो तो इथेच. पुढच्या आवृत्त्या, हिंदी अनुवाद, ऑडिओबुक, वेबमालिका हे सगळं त्याच सहीत जातं. आणि कुमारांच्या पुस्तकाला पुढच्या आवृत्त्या लागतात, कारण दरवर्षी नवी सातवी येते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. ती अजून छापली जाते. गुरुजी १९५० साली गेले. लेखकामागे ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे तो २०१० अखेरपर्यंत होता. एवढ्या लांबचं काही तू आज देऊन टाकतो आहेस.

म्हणून फक्त मराठी छापील पुस्तकाचा हक्क दे, पाच वर्षांसाठी, आणि मुदत स्पष्ट लिहून घे. (मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षंच धरतो, पण वाद कशाला?) बाकी प्रत्येक हक्कासाठी वेगळा लेखी करार. वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब. प्रती संपल्यावर सहा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही, तर हक्क परत तुझ्याकडे. हे शेवटचं कलम बहुतेक जण विसरतात आणि पुस्तक अडकून पडतं.

आता हस्तलिखित. पंचवटीतला तुझा तेरा वर्षांचा नायक घरी सांगतो, 'गोदावरीच्या तीरावर जाऊन येतो.' नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा तो 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणेल. ही चूक छोटी आहे. मोठी चूक शेवटाची आहे: चोरीचा छडा मुलं जवळजवळ लावतात आणि ऐन वेळी पोलीस असलेला मामा येऊन सगळं सोडवतो. तिथे मुलांचं पुस्तक मोठ्यांचं होतं, आणि वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. मामा राहू दे, पण पुरावा मुलांच्या हातात आल्यानंतर त्याला बोलाव. त्याचं दीड पानी भाषण पूर्ण काढ. प्रकरण दीड हजार शब्दांत बसेल.

मग ते प्रकरण सहावी-सातवीतल्या चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखव. आवडलं का, हे विचारू नकोस, मुलं भिडेपोटी हो म्हणतात. 'पुढे काय होईल?' विचार आणि ती कुठे चुळबुळतात तिथे समासात खूण कर.

प्रकाशकाला उत्तर देण्याआधी कराराची प्रत मला पाठव. कलमं दुरुस्त करून देतो.

तुझा मित्र