आधी परत चढायला शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर नारिंगी लाइफ जॅकेट घातलेली एक मुलगी कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, बसून हसते आहे. जॅकेटचे पट्टे सुटे लोंबताहेत. खाली तुमची ओळ: 'पोहता येत नाही? काळजी नको!' फोटो निवडताना तुमच्या कार्यालयात ते पट्टे कुणालाच दिसले नाहीत? कालपासून माझ्या डोळ्यांपुढून ते पान हलत नाही.

सुट्या पट्ट्यांचं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली जातो. हे मी माझ्या नातवाच्या बाबतीत पाहिलं आहे.

गेल्या डिसेंबरात मुलगा-सून पुण्याहून आली होती. नातू ११ वर्षांचा. मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीत कयाकिंगला गेलो. आम्ही नऊ जण, पाच कयाक आणि शिकवायला विशीतला एक मुलगा. वल्हं कसं धरायचं एवढंच त्याने दाखवलं. "उलटली तर काय करायचं?" मी विचारलं. "काका, ही उलटत नाय," म्हणाला. लहान मापाचं जॅकेट नव्हतं, म्हणून नातवाला मोठ्या माणसाचं चढवलं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. ओहोटी लागलेली आणि मतलई वारा सुटलेला. पाणी समुद्राकडे ओढत होतं, वाराही तिकडेच ढकलत होता. खाडीत हे कळत नाही. पाणी आरशासारखं असतं, वल्हं न मारता होडी पळते आणि पोरांना वाटतं, आपल्याला जमलं. मी ३५ वर्षं भूगोल शिकवला, मतलई वारे आणि खारे वारे फळ्यावर काढून दाखवले, आणि त्या सकाळी वाऱ्याकडे पाहिलं नाही. ती माझी चूक आहे.

खाडीच्या तोंडाशी बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकांवर आपटत होत्या. नातवाची नि माझी कयाक आडवी झाली आणि उलटली. नातू दोन हातांवर होता, जॅकेट त्याच्या कानांवर चढलेलं, तोंड दिसेना. त्याला धरायला मी कयाक सोडली, तशी ती निघूनच गेली. शिकवणारा पोरगा इतरांना आवरत होता. त्याच्याकडे ओढायला दोरी नव्हती, शिट्टी नव्हती, मोबाइल किनाऱ्यावर ठेवलेला. एका मच्छीमाराने होडी वळवली. "पोराक सोडू नको रे!" तो लांबूनच ओरडत होता. किनाऱ्यावर आल्यावर मला म्हणाला, "होडी सोडूची नाय. ती बुडत नाय, माणूस बुडता." जे शिक्षण पाण्यात उतरण्याआधी मिळायला हवं होतं, ते मला या एका वाक्यात मिळालं. ज्यांनी पैसे घेतले होते त्यांनी विचारलं, "पैसे परत हवेत का?"

पुढच्या महिन्यात मी आणि नातू कंबरभर पाण्यात शिकलो. उलटलेली कयाक सरळ करायची, बाजूने पोटावर आडवं पडायचं, मग वळून बसायचं. तिसऱ्या वेळी त्याला जमलं. पाव तास लागला. हा पाव तास कुणी का देत नाही?

इंग्लंडमध्ये मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे शाळेची मुलं अशीच कयाकमधून निघाली, वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे होता, आणि ४ मुलं दगावली. त्यांना नेणाऱ्या साहस केंद्राच्या जुन्या प्रशिक्षकांनी आधीच लेखी इशारा दिला होता. पुढे ते केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा संचालक दोषी ठरले आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. तिथे थंड पाण्याने घात केला. आपलं पाणी कोमट आहे, माणसाला वेळ मिळतो. त्या वेळात काय करायचं, एवढं तरी शिकवा.

आपल्याकडे २०१६ मध्ये मुरूडला १४ विद्यार्थी बुडाले, २०१७ मध्ये वायरीला ८, २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून २ पर्यटक. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, त्यात नोंदणीही आली. जलक्रीडेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था शेजारी गोव्यात आहे. तरी आमच्या खाडीत नऊ माणसांमागे एक पोरगा. त्या पोराला मी दोष देत नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. उलटल्यावर परत चढता येतं हे उथळ पाण्यात करून दाखवल्याशिवाय एकाही पर्यटकाला खाडीच्या तोंडाकडे नेऊ नये, आणि हे बंदर खात्याच्या माणसाने किनाऱ्यावर उभं राहून पाहावं, एवढंच माझं मागणं आहे.

आणखी एक. तुमच्या अंकात पूर्वी शेवटच्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा येत. दोन वर्षांपूर्वी त्या बंद झाल्या आणि त्या जागी राशिभविष्य वाढलं. मी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही. कोकणात निघणाऱ्या वर्तमानपत्रात ओहोटी किती वाजता लागते हे नसावं, याचा मला खरोखर राग आहे. चार ओळींची जागा लागते. येत्या सोमवारपासून त्या पुन्हा छापा आणि पुढच्या पुरवणीत पट्टे बांधलेल्या मुलीचा फोटो द्या.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, कुडाळ