गोट्याच्या खाजेबद्दल

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय माधुरी,

तुझ्या कुत्र्याच्या पिल्लाचे, गोट्याचे फोटो पाहिले आणि लिहायलाच बसले. फोनवर तू रडवेली झाली होतीस, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. शिवाय लिहिलेलं असलं म्हणजे डॉक्टरांकडे जाताना हाताशी राहील.

आधी एक कर, त्याचं खाणं आणखी बदलू नकोस. चिकन बंद, मग अंडं बंद, मग दही बंद, असं करत तो नुसत्या भातावर आलाय आणि वाढत्या पिल्लाला ते पुरत नाही. सगळे ॲलर्जी म्हणतात, पण तो जेमतेम अडीच महिन्यांचा आहे गं. धूळ, बुरशी, परागकण यांची ॲलर्जी कुत्र्यांत बहुतेक वेळा ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू होते. खाण्याची त्याआधीही दिसू शकते, हे खरं. तरी एवढ्याशा जिवाला खाज सुटली की आधी त्याच्या अंगावर कोण राहतंय ते शोधायचं, ॲलर्जीचा विचार त्यानंतर. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

फोटोत त्याच्या कानाच्या कडा खरखरीत दिसतात, कोपरावरचे केस गेलेत. आमच्या चिंगीचं अगदी असंच होतं. गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू ती, रात्रभर खाजवायची, आम्हा कुणाला झोप नाही. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी तिच्या कानाची कड चिमटीत धरून चोळली, आणि तिचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला. खरूज झालेल्या बऱ्याच कुत्र्यांत असं होतं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला खाज आहे का? माझ्या दंडावर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठलं होतं. ते बघितल्यावर त्यांना जवळजवळ खात्रीच पटली. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या कातडीत फार काळ तगत नाही. चिंगीला औषध सुरू झालं तसं माझं पुरळही गेलं. तेव्हा तुम्हा सगळ्यांचे हात आणि पोट आजच नीट बघ.

डॉक्टरांकडे स्किन स्क्रेपिंगचा आग्रह धर. ब्लेडने कातडी किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडतात आणि ते काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पिल्लू कुरकुरतं, पण मिनिटाभराचं काम. एक लक्षात ठेव, खरजेचा किडा काचेवर पुष्कळदा सापडतच नाही. नाही सापडला म्हणून खरूज नाही असं नव्हे. लक्षणं जुळत असली तर डॉक्टर औषध देऊन बघतात, आणि घरात दुसरा कुत्रा असला तर त्यालाही देतात. डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा मात्र खरवडल्यावर सहसा दिसतो. तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडूनच येतो, माणसाला लागत नाही, आणि डोळ्यांभोवती, तोंडाभोवती दोन-चार चट्टे एवढंच असेल तर त्याचा त्रास बहुधा आपणहून बरा होतो. नायट्याचंही विचार, कारण तो छोट्या ओवीला लागू शकतो.

पिसवा दिसत नाहीत म्हणतेस. बारीक दातांच्या फणीने विंचर आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेव. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे गोट्याचंच पचलेलं रक्त. त्यांची अंडी आणि अळ्या मुख्यतः सतरंजीत, सोफ्याच्या फटीत असतात आणि कोष तिथे कित्येक महिने टिकतात. म्हणून त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवायला हवं, कोपरे रोज झाडायला हवेत. आणि तुमच्या मनीला सांभाळ! कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. दुकानातून मनाने काही आणू नकोस. पिल्लाचं वजन आणि वय बघूनच औषध ठरतं.

इथे गल्लीत प्रत्येकाकडे उपाय तयार होता. जळकं ऑइल लाव, रॉकेल लाव, फिनेलने धू. मला याचा फार संताप येतो. पिल्लू ते चाटतं, पोटात जातं, कातडी भाजते ती वेगळीच, आणि बिचारं सांगणार कुणाला? सासूबाईंनी घरात नियमच केला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिंगीच्या अंगाला काहीही लागणार नाही. कडुनिंबाचं पाणीसुद्धा नाही.

खाज दाबायच्या गोळ्यांचंही तसंच. ओक्लासिटिनिब नावाची जी गोळी तुझ्या शेजारणीच्या कुत्र्याला चालू आहे, ती १२ महिन्यांखालच्या पिल्लांसाठी नाही. आणि किडा असताना स्टेरॉइड दिलं तर थोडे दिवस बरं वाटतं, पण आतला आजार, विशेषतः डेमोडेक्स, बळावू शकतो.

किडे, बुरशी सगळं तपासून झालं आणि तरी खाज राहिली, तर मग खाण्याकडे वळायचं. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याने कधी न खाल्लेलं एकच प्रथिन, किमान ८ आठवडे. त्यात बरं वाटलं तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं, तेव्हाच नक्की कळतं. रक्ताच्या तपासणीवरून खाण्याची ॲलर्जी खात्रीने सांगता येत नाही, त्यावर पैसे घालवू नकोस. पण त्या ८ आठवड्यांत बिस्किटाचा तुकडाही चालत नाही. आमच्या इंदुरात हे महाकठीण, सकाळी पोहे खाताना जो तो कुत्र्यापुढे शेव टाकतो. तुझ्याकडे खालचे आजोबा पार्ले-जी देतात ना, त्यांना आत्ताच प्रेमाने सांगून ठेव.

तोंड अचानक सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या किंवा धाप लागली, विशेषतः लस दिल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर, तर रात्र असो की दिवस, थांबायचं नाही, तडक दवाखाना.

तुला परळचं बैलघोडा हॉस्पिटल जवळ आहे, या शनिवारी ने त्याला. औषध सुरू झाल्यावरही एक-दोन आठवडे खाज राहू शकते, तेवढ्यात घाबरून डॉक्टर बदलू नकोस. काचेवर काय सापडलं ते त्याच दिवशी कळव, आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठव.

तुझी,
वैजू