यंत्रं आहेत, माणूस हवा : माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या विद्यापीठातल्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या इमारतीतली यंत्रं चालती ठेवणारी आणि अंध विद्यार्थ्यांचं वाचनसाहित्य तयार करणारी माणसं नेमण्यासाठी माजी विद्यार्थी मंडळ निधी गोळा करत आहे. दोन वर्षांसाठी १९ लाख रुपये लागतील. यातला मोठा भाग मानधनावर खर्च होणार आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण मंडळाच्या बैठकीतच "पगाराला कोण देणगी देतं?" असा प्रश्न आला होता आणि तो चुकीचा नव्हता.

इमारतीत यंत्रं पुष्कळ आहेत. बहुतेक वर्गांत प्रोजेक्टर बसले, दोन खोल्यांत टचस्क्रीनचे मोठे पॅनल आले, सभागृहाला माइक-स्पीकरचा नवा संच मिळाला. डेड स्टॉक रजिस्टरला सगळ्याची नोंद आहे. पण साडेदहाच्या तासाला वर्गात जाऊन बसा. बाई लॅपटॉप जोडतात आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. वायर काढून पुन्हा लावतात. एका ठरावीक कोनात धरली की चित्र उमटतं, हात सोडला की गायब. मग पहिल्या बाकावरची एखादी मुलगी उठून वायर धरून उभी राहते. पावणेअकराला बाई लॅपटॉप मिटून खडू हातात घेतात. खडूशी आमचं भांडण नाही, आपण सगळे त्यावरच शिकलो. पण पहाटे उठून एसटीने आलेल्या पोरांचा पाव तास रोज असा जातो, त्याचं काय?

वायर काही शे रुपयांची. पण बिघाड वायरीत आहे, लॅपटॉपात आहे की प्रोजेक्टरच्या पोर्टमध्ये, हे सांगणारंच कोणी नाही. आणि ते कळल्याशिवाय मागणीपत्रावर काय लिहायचं? पॅनलच्या खोल्यांना तर कुलूपच असतं. बिघडलं तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने कोणी चावी मागत नाही आणि कोणी देत नाही. शेवटी पाच-सात वर्षांनी ते पॅनल जवळजवळ नवंकोरं असतानाच निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या यादीत जाईल.

आपल्या वेळचे प्रयोगशाळा सहाय्यक काका अनेकांना आठवत असतील. दर शनिवारी दुपारी शिडी लावून ते प्रोजेक्टरची जाळी काढायचे, ब्लोअरने धूळ उडवायचे आणि पाठीमागे चिकटपट्टी लावून त्यावर तारीख नि दिवा किती तास जळला तो आकडा लिहायचे. धुळीने जाळी बुजली की प्रोजेक्टर आतून तापतो आणि दिवा वेळेआधी जातो, एवढं साधं गणित आहे. काका निवृत्त झाले, जागा रिकामी राहिली. सध्या एक शिपाई आणि तासिका तत्त्वावरचे एक तरुण प्राध्यापक आपापलं काम सांभाळून जमेल तसं बघतात.

आणखी एक गोष्ट, जी आमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीतच नव्हती. विभागांत अंध विद्यार्थी शिकतात. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात मराठीही वाचता येतं. मग अडतं कुठे? आपल्याकडच्या जुन्या नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतील अशा पद्धतीत नाहीत, श्रीलिपी-कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. डोळ्यांना त्या मराठी दिसतात, पण सॉफ्टवेअर वाचू लागलं की अगम्य खडखडाट ऐकू येतो. स्कॅन केलेली पुस्तकं तर त्याच्या लेखी नुसती चित्रं. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणं, तपासणं आणि परीक्षेआधी मुलांच्या हाती देणं हे बसून करायचं काम आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणसंस्थांवर याची जबाबदारी टाकलेली आहेच, पण कायदा काही टायपिंगला बसत नाही.

म्हणून हिशेब असा. दोन तंत्रसहाय्यक, भविष्य निर्वाह निधीच्या वाट्यासह प्रत्येकी महिना २५,००० रुपये खर्च, दोन वर्षांचे १२ लाख. अंध विद्यार्थ्यांच्या वाचनसाहित्यासाठी अर्धवेळ सहाय्यक, महिना १२,०००, म्हणजे २ लाख ८८ हजार. उरलेले ४ लाख १२ हजार वायरी, प्रोजेक्टरचे दिवे, यूपीएसच्या बॅटऱ्या, कॉलर माइक, एक चांगला स्कॅनर आणि पॅनलच्या वार्षिक देखभाल करारासाठी. नवीन प्रोजेक्टर एकही घ्यायचा नाही.

हे सरकारचं काम नाही का, असं अनेकांनी विचारलं. आहे. रिक्त पदं भरा, वेतनेतर अनुदान वेळेवर द्या, ही मागणी मंडळ सोडणार नाही आणि निवेदनं देणं चालूच राहील. पण यंदा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलं पदभरती होईपर्यंत वर्गात बसून राहणार नाहीत.

दोन वर्षांनंतर काय, हा त्याहून अवघड प्रश्न. 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं आज ग्रंथालयात आणि बागेत काम करतात. त्यांच्यातल्या काहींना हे दोन सहाय्यक हाताशी धरून तयार करतील, म्हणजे वायर बदलणं, जाळी साफ करणं, तास सुरू होण्याआधी माइक तपासणं ही कामं पुढे त्यांच्याकडे देता येतील. सगळं यातून सुटणार नाही, पूर्णवेळ माणूस लागणारच. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम देणारे कायमचे देणगीदार जोडायचा विचार आहे.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचं नाव मनोऱ्याला लागलं. अशा देणगीचा मान मोठाच. पण साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला धान्य हवं म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, त्याची पाटी कुठल्या भिंतीवर लावणार? पुढे कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात घराघरांतून मूठमूठ धान्य आलं, तेही रोजच्या जेवणासाठीच. आम्ही मागतोय ते या दुसऱ्या जातीचं आहे.

एक हजार रुपयांत एका तंत्रसहाय्यकाचा एक दिवस निघतो. एका बॅचने मिळून एक महिना उचलला तर आणखी बरं. दोघांचे मिळून ४८ महिने वाटून द्यायचे आहेत. स्नेहमेळाव्याच्या जेवणाला आपण एवढे पैसे सहज काढतो, हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

देणगीआधी थोडं वाचून घ्या. मंडळाला ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी आहे, पण वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरची रोख रक्कम तिला चालत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेतूनच द्या. परदेशात असलात पण पासपोर्ट भारतीय असेल तर अडचण नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांनी मात्र कृपया पैसे पाठवू नयेत. परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आपल्याकडे नाही आणि ते पैसे आम्हाला परत करावे लागतील. तुम्ही बॅचमधल्या इतरांना फोन केलेत तरी पुष्कळ झालं. खातेक्रमांक आणि क्यूआर इथे मुद्दाम दिलेले नाहीत. मंडळाच्या कार्यालयातून किंवा आपल्या बॅचप्रतिनिधीकडूनच घ्या, फिरत आलेल्या क्यूआरवर विसंबू नका.

नेमणुका विद्यापीठाच्या आणि मंडळाच्या संयुक्त समितीमार्फत होतील. खर्चाचा तक्ता दर तीन महिन्यांनी इमारतीच्या फलकावर लागेल, त्यात मानधन कोणत्या तारखेला दिलं हेही असेल. नव्या सत्राआधी निदान सहा महिन्यांची रक्कम जमली तरच नेमणूक करायची, असं ठरलं आहे. अर्ध्यावर कोणाला घरी पाठवायची वेळ यायला नको.

आपले,
कार्यकारी मंडळ, माजी विद्यार्थी मंडळ

ता.क. : घरातले जुने लॅपटॉप, प्रिंटर आणि मॉनिटर कृपया आणून देऊ नका. मागच्या वेळचे अजून जिन्याखाली आहेत.