चिऊ दिवसभर काय करते

माशेल, गोवा
मार्गशीर्ष

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

"शाळेत घातलं नाही, मग पोर दिवसभर करते तरी काय?" असं तू विचारलंस आणि मी फोनवर "खेळते" एवढंच सांगून मोकळी झाले. तेवढ्यानं तुझी काळजी मिटायची नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. बाबांनाही वाचून दाखव. ते गोव्याला अजून परदेशच म्हणतात. त्यांच्या लहानपणी तो होताही. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. शेजारच्या आजी मूळच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या, आजोळ इथलं. त्या सांगतात, आजोळी यायचं तर सरहद्दीवर कागद दाखवावे लागायचे.

सकाळचं वाचन, लेखन आणि गणित चुकत नाही, हे आधी सांगते. मराठी वाचन रोज होतं, पाढे पाठ होतात. पण ते सगळं न्याहारीनंतर थोड्या वेळात आटपतं. एकच मूल समोर असलं की वेळ वाया जात नाही. खरा दिवस त्यानंतर, दाराबाहेर सुरू होतो.

मगरीचं सांगते, म्हणजे तुला कळेल. आमच्या जवळून कुंभारजुव्याचा कालवा जातो, मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा. त्यात खऱ्या मगरी आहेत. काठाला खाजन शेती. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचे बांध घातलेले असतात आणि पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दारं बसवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. बांध फुटला की खारं पाणी शिरून भात हातचं जातं. या सगळ्याची राखण मगर करते अशी इथल्या लोकांची श्रद्धा. फोंडा तालुक्यात बोरीच्या बाजूला पौष अमावास्येला शेतकरी पाण्याकाठी चिखलाची मोठी मगर घालतात आणि तिची पूजा करतात. मानगे थापणी म्हणतात त्याला. गेल्या वर्षी आम्ही चिऊला घेऊन गेलो होतो. मोठी माणसं गुडघे टेकून चिखल थापत होती, अंगावर शिंपल्या रोवत होती. कोणी हसत नव्हतं, कोणी मुलांना बाजूला हाकलत नव्हतं. चिखलात हात घालणं हे मोठ्यांचंही काम आहे, हे तिनं त्या दिवशी पाहिलं. माझ्या मते ते तिच्या वर्षभराच्या कुठल्याही धड्यापेक्षा मोलाचं होतं.

घरी आल्यावर तिनं कुणाला न विचारता विहिरीमागच्या ओल्या जागेत स्वतःची मगर घालायला घेतली. अंगणातली माती तांबडी, खडेवाली. संध्याकाळी शेपटीला भेगा, सकाळी शेपटी वेगळी. मी काही बोलले नाही. ती आजींकडे गेली. आजी म्हणाल्या, "अगो, खाजनातली माती हाड, आनी तूस घाल." (हाड म्हणजे आण.) मग बापलेक जाऊन पिशवीभर काळसर चिकणमाती घेऊन आले, भाताच्या गिरणीतून तूस आणलं. तूस घालून पायानं माती मळताना तिला कळलं की कुठवर मळायचं: टाचेला चिकटायची थांबली की झाली. त्या मगरीला भेग गेली नाही.

मग खवले. तिसऱ्यांच्या शिंपल्या आम्ही कालवण झाल्यावर धुऊन साठवतोच. तिनं डोक्याकडून लावायला सुरुवात केली आणि दुसरी ओळ पहिलीच्या खाली सरकवता येईना. चिडली, उपटून टाकल्या. दुपारी पडवीत पडल्यापडल्या वर बघत होती, आणि एकदम उठून म्हणाली, "कौलं खालून चढवतात!" मग शेपटीकडून सुरुवात केली; प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढवून. हे मी सांगितलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, आणि तिचं काहीच झालं नसतं.

त्यानंतर मगरीभोवती गाव वसलं. आळीतली मुलं शाळा सुटून जेवून आली की येतात, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. बांध घातला, जुन्या फूटपट्टीचा तुकडा मानस म्हणून उभा केला, करवंटीनं भरती सोडली. बांध फुटला की कोणी दुरुस्त करायचा यावर तर रोज भांडणं. एकदा मी खिडकीतून ऐकत होते. ज्याच्या शेताजवळ फुटला त्यानं, असं एकाचं म्हणणं. सगळ्यांनी मिळून, कारण पाणी सगळ्यांच्याच शेतात जातं, असं चिऊचं. शेवटी सगळ्यांनी असं ठरलं आणि जो येणार नाही त्यानं फणसाची पानं भरायची, कारण फणसाचं पान हे तिथलं नाणं. मुलांच्यात मिसळते का, असं तू विचारलं होतंस ना? मिसळते, भांडते, तडजोड करते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच असते.

गणपतीतही असंच झालं. सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड असतो. दोन होड्या शेजारी बांधून त्यावर देखावा उभा करतात आणि पाण्यातून फिरवतात. बघून आल्यावर मुलांनी कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पाटात आपला सांगोड सोडायचं ठरवलं. पोफळीचं झाप गळतं तेव्हा त्याच्या बुंध्याशी रुंद, वाकणारी, चिवट साल असते. तिची होडी छान होते, पण एकटीवर मातीचा उंदीर ठेवला की कलंडते. दोन होड्या जरा अंतर सोडून ठेवल्या, वरून बांबूच्या काड्या आडव्या टाकल्या, केळीच्या सोपटानं बांधल्या, की उंदीरच काय, त्याच्यावर नारळाची शेंडीसुद्धा उभी राहते. अंतर किती सोडायचं यावर चिऊनं दिवसभर घालवला. फार जवळ ठेवलं तर कलंडतं, फार लांब ठेवलं तर काड्या वाकतात. तोल म्हणजे काय हे तिला आता माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आई, हे सगळं तुला नवं नाही. तुझ्या बालवाडीच्या ट्रंकेत चिंचोके, सागरगोटे, काड्या, रंगीत चिंध्या असायच्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा विकतच्या महागड्या साहित्याऐवजी पानं, बिया, दगड, शिंपले घेतले, हे मला तूच सांगितलंस. मला वाटतं, मी तुझंच काम पुढे नेते आहे. फक्त माझ्या वर्गात एकच पोर आहे आणि वर्गाला भिंती नाहीत.

दुकानातली हस्तकलेची किट मी घेत नाही. यांच्या ऑफिसातल्या लोकांनी वाढदिवसाला दिलेलं एक होतं. सगळं कापलेलं, भोकं पाडलेली, चित्र डब्यावर. चिऊनं ते अर्ध्या तासात पुरं केलं आणि परत कधी हात लावला नाही. त्यात मुलानं ठरवायचं असं काही उरलेलंच नसतं. तेच, तू शिकवलेली मैद्याची खळ, वर्तमानपत्रं आणि बांबूच्या चिव्या दिल्या की पोर दोन दिवस गढून जाते. (खळीत तू मोरचूद घालायचीस ते मी घालत नाही, ते विषारी असतं. थोडी थोडी ताजीच शिजवते, आंबली की झाडाच्या बुडाशी.)

दिवाळीला तुम्ही मावळे पाठवलेत, त्यांचं काय झालं ते ऐका. इथे मुलं किल्ला करत नाहीत, नरकासुर करतात. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, वर मुखवटा. चतुर्दशीच्या पहाटे जाळतात. चिऊला दोन्ही हवं होतं. अंगणात चिऱ्याच्या तुकड्यांचा प्रतापगड झाला, आपल्याकडच्यासारखी मोहरी पेरून हिरवळ केली, आणि आळीतल्या पोरांनी तिला नरकासुराचे हात करायला घेतलं. कागदाचे थर एकावर एक, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. तो जाळायचाच आहे तर इतकं नीट कशाला, असं मी एकदा म्हणाले. "जाळेपर्यंत तो नरकासुर आहे ना," असं उत्तर मिळालं. पहाटे तो पेटला तेव्हा ती रडली नाही. मावळे मात्र आधी घरात आणून ठेवले होते.

सध्या कावीचं वेड आहे. इथल्या आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी वेलबुट्टी असते ना, ती. खाली चुन्याचा पांढरा गिलावा, वर काव या तांबड्या मातीचा थर, आणि नक्षी काढून नको तिथली काव खरवडून टाकायची, की खालचा पांढरा दिसतो. आम्ही फुटक्या कौलावर करतो. खडूची भुकटी खळीत कालवून एक थर, वाळला की वस्त्रगाळ केलेल्या तांबड्या मातीचा दुसरा. खरवडायला केसांचा आकडा. ओलं असताना खरवडलं तर चिखल होतो, पार वाळल्यावर खपल्या उडतात. मधली वेळ बोटानं ओळखावी लागते. बोट लावायचं, डाग पडतो का बघायचं, परत थांबायचं. जी पोर ताटावर दोन मिनिटं नीट बसत नाही, ती कौलाशेजारी अशी बसून असते. पहिली नक्षी अर्थात मगरीची.

बाबांना काळजी दाखल्याची आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे तीन टप्पे आहेत, ते तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. चौदा वर्षं पुरी झाल्यावर त्यांचीच दहावी देता येते. आणि तिला उद्या शाळेत जावंसं वाटलं तर आम्ही घालू. तो दरवाजा आम्ही बंद केलेला नाही.

तुझी दुसरी काळजी सापांची, ती रास्त आहे. चिऱ्यांच्या फटीत आणि पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं, हा नियम मोडला तर त्या दिवशी बाहेर जाणं बंद. पावसात गमबूट. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, कारण इथे लेप्टोच्या तापाची भीती असते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो असतो, लोक अंगाला तेल लावून चिखलात आंधळी कोशिंबिरीसारखे जुने खेळ खेळतात. यंदा तिच्या अंगठ्याला कापलं होतं म्हणून ती काठावर उभी राहिली. खूप रडली, पण उतरली नाही. काजूच्या दिवसांत ओल्या बिया मुलांच्या हाती देत नाही, सालीतल्या तेलानं कातडी भाजते. विहिरीला कठडा आहे आणि वर जाळीही बसवून घेतली आहे.

आता माझं मागणं. संक्रांत आटोपली की या आणि पौष अमावास्येपर्यंत राहा. बोरीला सगळे मिळून जाऊ. बाबांना म्हणावं, छोटी करवत आणि गिरमिट घेऊन या. चिऊला खरा मानस करायचा आहे, उघडमिट होणारा, आणि लाकडाला सरळ भोक पाडायला शिकवणारं इथे कोणी नाही. तुझ्या ट्रंकेतले सागरगोटे आण. आणि जमलं तर कृष्णाकाठची गाळाची माती पिशवीभर. तिची मगर कराडच्या मातीत भेगा न जाता वाळते का, हे तिला बघायचं आहे. पिशवी दुहेरी घे, नाहीतर सगळ्या कपड्यांना लागेल. गाडीचं बुकिंग झालं की फोन कर, हे फोंड्याच्या स्टँडवर घ्यायला येतील.

बाबांना साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुमी

ता. क. चिऊ म्हणते, आजोबांनी गिरमिटाचं बारीक पातंही आणायचं, शिंपल्यांना भोकं पाडायची आहेत.