चित्राची खालची पट्टी का कापली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराचं 'ऑरोरा बोरियालिस' (म्हणजे उत्तर ध्रुवाकडे रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) छापलंत, बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे निसर्गचित्र म्हणजे कॅलेंडरवरचं. पण सोबतच्या लेखात म्हटलंय की हे निर्मनुष्य, मरणाचं चित्र आहे आणि आकाशातला लाल म्हणजे तिथल्या यादवी युद्धातलं रक्त. आता लेखकाला तरी काय बोलणार, तुम्ही चित्राची खालची पट्टीच उडवलीय! जाहिरातीला जागा करायला असेल. मी मोबाईलवर पूर्ण चित्र शोधून झूम करून पाहिलं तर खाली बर्फात अडकलेलं जहाज आहे, त्यात बारीकसा उजेड आहे आणि शेजारी कुत्रे बर्फावरून ओढतात ती गाडी. मग निर्मनुष्य कसं?

ते जहाज आयझॅक हेझ या अमेरिकन शोधप्रवाशाच्या 1860-61 च्या आर्क्टिक मोहिमेचं. त्यांच्या स्केचवरून चर्चने 1865 मध्ये हे चित्र केलं, स्वतः त्या जागी गेलाच नव्हता. कुणी म्हणेल न बघता कसलं निसर्गचित्र, तर आमच्या चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस आठवा, घराबाहेर पडायचे नाहीत आणि टेबलावर सामान मांडून अख्खा देखावा फोटोत उभा करायचे.

युद्धाचा अर्थ काढू नका असं माझं म्हणणं नाही. हेझ परत आले तोवर देशात लढाई पेटलेलीच होती, आणि डिसेंबर 1862 मध्ये त्याच युद्धातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईनंतर सैनिकांनी खरोखर असं आकाश पाहिलं, दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैनिकांनी तर तो आपल्या विजयाचा शकुन धरला. म्हणजे लाल दिसला की रक्त, एवढं सोपं नाही ते. सूर्याकडून आलेले कण वातावरणावर आदळतात, साधारण 100 किलोमीटरवर ऑक्सिजन हिरवा उजळतो आणि 200 च्या वर तोच ऑक्सिजन लाल, त्याला कुणाच्या लढाईचं काय पडलंय. (1872 च्या फेब्रुवारीत हा प्रकाश मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे, हे लेखात टाकायला पाहिजे होतं.)

मला विचाराल तर चर्चने अर्थ वर आकाशात नाही, खाली ठेवलाय. जहाज हलत नाही पण आत कुणीतरी दिवा लावून जागं आहे, आणि गाडी आहे म्हणजे सुटकेची आशा आहे. एवढ्या मोठ्या आकाशाखाली ते इतकं बारीक काढलंय की नीट शोधावं लागतं, आणि तुम्ही नेमकं तेच कापलंत. आम्हा खान्देशवाल्यांना बर्फ माहीत तो रसवंतीवरचा, आमच्यासाठी तरी अख्खं दाखवायचं होतं!

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी ते पुन्हा छापा, पानाची पूर्ण रुंदी घेऊन, कारण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममधलं मूळ चित्र 2 मीटरहून जास्त रुंद आहे. जाहिरात आलीच तर दुसऱ्या पानावर ढकला.

– एक वाचक, चाळीसगाव