अंडी गुजरातेत, शेण आपल्या चंद्रपुरात

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझा निरोप मिळाला. ऑक्टोबर छाटणी उरकून फवारणीची धांदल चालू असताना तुला डायनासोर सुचतात, याचं नवल वाटलं. नाताळच्या सुट्टीत पोरांना अंडी दाखवायला बालासिनोरला न्यायचं म्हणतोस, आणि 'तू यातला, तेव्हा नीट समजावून सांग' असा हुकूमही सोडला आहेस. फोनवर एवढं सांगून भागणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

जरूर जा. पण माझी एक जुनी कुरकुर आधी ऐकून घे. आपला माणूस अंडी बघायला गुजरात गाठतो, आणि वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथं शेतात काय पडलंय, ते त्याच्या कानावरही आलेलं नसतं. तिथं डायनासोरचं शेण आहे. दगड झालेलं. अंड्यांना गर्दी होते, शेणाकडे कोणी फिरकत नाही. मला विचारशील तर अंड्यांपेक्षा हे शेणच जास्त बोलकं आहे, आणि तुझ्यासारख्या द्राक्षवाल्याशी तर फारच. ते का, ते पुढे येईलच.

आधी खडकाचं सांगतो. तुझ्या बागेखाली जो मुरूम आहे, तो दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हाचा. तुमच्या नाशकाकडे हा लाव्हा इतका जाड थापलेला आहे की त्याच्या खाली काय दडलंय ते दिसायची सोय नाही. पण कडेकडेनं, म्हणजे इकडे विदर्भात, वर नर्मदेच्या खोऱ्यात आणि तिकडे गुजरातेत, तो पातळ होत जातो, झिजून उघडा पडतो, आणि त्याच्या बुडाशी चुनखडीचे, वाळूचे, लाल-हिरवट मातीचे थर दिसतात. लाव्हा पसरण्याआधी इथं जी जमीन होती, ती ही. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून 1860 च्या सुमारास मेडलिकॉट नावाच्या भूवैज्ञानिकानं या थरांना नाव दिलं. आज आपण लमेटा फॉर्मेशन म्हणतो ते हेच. डायनासोर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले. लमेटाचे थर त्या शेवटाच्या जरासे आधीचे. तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता, समुद्रात एकटाच सरकत होता.

गंमत अशी की या थरांतली हाडं पहिल्यांदा ज्याच्या हाती लागली तो ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन. 1828 साली, जबलपुरात. त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून पुढे 1877 मध्ये लायडेकर या जीवाश्मतज्ज्ञानं त्या डायनासोरला टायटॅनोसॉरस हे नाव ठेवलं. ते मणके नंतर कुठं तरी गहाळ झाले, आणि त्यातला एक 2012 साली कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच सापडला. सरकारी कपाटात काय काय असतं देव जाणे.

आता अंडी. बालासिनोरजवळच्या रैयोलीला जाशील तेव्हा पोरांना आधीच सांगून ठेव की कोंबडीच्या अंड्यासारखं सुटं, गुळगुळीत काही दिसायचं नाही. अंडं खडकात मुरलेलं असतं. चुनखडीच्या उघड्या फरशीवर एखादं वर्तुळ, नाही तर अर्धवर्तुळ दिसतं: कडेला दोनेक मिलिमीटर जाडीची करडी-तपकिरी रेघ, ते कवच, आणि आत नुसता दगड. बाहेरून कवच खरखरीत, बारीक बारीक फोडांचं. त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पंख्यासारखे उलगडलेले कॅल्साइटचे स्फटिक शेजारी शेजारी उभे दिसतात आणि मधून श्वासाची छिद्रं. छिद्रांच्या संख्येवरून अंडं उघड्यावर होतं की मातीत पुरलेलं, याचा अंदाज बांधतात. ही पुरलेली होती. उथळ खड्डा, त्यात पंधरा-सतरा सेंटीमीटरची गोल अंडी, वर माती. उबवायचं काम जमिनीच्या उबेवर सोडलेलं.

ही अंडी टायटॅनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य जनावरांची, हे कशावरून? आपल्याकडे अंड्यात गर्भ मिळालेला नाही. पण अर्जेंटिनात औका माहुएवो म्हणून ठिकाण आहे, तिथं याच धाटणीच्या अंड्यांत टायटॅनोसॉरची पिल्लं सापडली, आणि त्यावरून आपल्या अंड्यांची ओळख पटली.

वेळ असेल तर बालासिनोरच्या आधी मध्य प्रदेशातला धार जिल्हा कर. तुला तसा सोपा आहे, आग्रा रोडनं धुळे, शिरपूर, सेंधवा आणि पुढे कुक्षी-बाघकडे वळायचं. तिथं दिल्ली विद्यापीठाच्या लोकांनी विशाल वर्मा या तिथल्याच शिक्षकाच्या मदतीनं 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली, 2023 साली ते छापून आलं. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की मधून एवढं थोरलं जनावर वावरणं शक्यच नाही. म्हणजे अंडी घातली, माती ढकलली आणि आई चालती झाली. त्याच भागात पाडल्याला अंड्यात अंडं असलेलंही एक सापडलं. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रकार अधूनमधून दिसतो. कासव-मगरींत तो कोणी पाहिलेला नाही. तेव्हा पुरण्याची पद्धत मगरीची, पण पोटातली यंत्रणा काही अंशी पक्ष्याची, असं काहीसं हे जनावर असावं.

पाडल्याची आणखी एक गोष्ट 2023 च्या शेवटी वर्तमानपत्रांत आली होती, तू वाचली असशील. तिथले लोक हे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, शेतशिवाराचा आणि गुराढोरांचा राखणदार म्हणून. आपल्याकडे बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर फासतात तसंच. लखनौहून तज्ज्ञ आले आणि त्यांनी सांगितलं की ही अंडी आहेत. बातमी देणाऱ्यांनी फार हसून दिली. मला ते हसणं आवडलं नाही. पुजले म्हणून ते दगड शाबूत राहिले. ज्यांना कोणी पुजलं नाही अशी किती अंडी चुन्याच्या भट्टीत आणि सिमेंटच्या खाणीत गेली असतील.

आता मला सगळ्यात आवडणारा किस्सा, आणि याचा नायक नागपूरचा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे. 1980 च्या दशकात गुजरातेत धोली डुंगरीला त्यांना एक लादी मिळाली: तीन अंडी आणि बाजूला बारीक हाडं. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, असं 1987 मध्ये त्यांनी छापलं. त्यात चूक नव्हतीच, पिल्लू होतंच. 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचा जेफ विल्सन ती लादी बघत असताना त्याच्या ध्यानात आलं की काही मणके एकमेकांत ज्या पद्धतीनं अडकलेत ते फक्त सापाचेच असू शकतात. मग लादी नीट साफ करायला अमेरिकेला गेली, आणि 2010 साली जगापुढे आलं ते असं: साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. सापाचं नाव सनाजेह इंडिकस. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा वासत नव्हता, अख्खं अंडं त्याला गिळता आलं नसतं. तो पिल्लू बाहेर यायची वाट बघत होता. तेवढ्यात वरून वाळू-चिखलाचा लोंढा आला आणि सगळे एकदम गाडले गेले.

एवढं सगळं असूनही मी म्हणतो की शेण बघ.

अंड्यावरून घर कळतं, पण त्या घराबाहेर काय उगवत होतं ते कळत नाही. पिसदुऱ्याला ते कळतं. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथून हाडं गोळा करून गेला. मॅटली नावाच्या भूवैज्ञानिकानं 1939 मध्ये तिथल्या कॉप्रोलाइटांवर, म्हणजे या दगडी शेणावर, स्वतंत्र लेख लिहिला, त्यांचे प्रकार पाडले. जवळच डोंगरगावला 1980 च्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनं एक सांगाडा खणून काढला, आज त्याला आयसिसॉरस म्हणतात, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेला डायनासोर कसा, हे मला विचारू नकोस, संस्थापक महालनोबिसांच्या काळापासून तिथं भूविज्ञान चालतं. अंडी हवीच असतील तर तीही चंद्रपुरात आहेत, पवन्याची अंडी 1996 मध्ये मोहबेंनीच नोंदवली.

पिसदुऱ्याला गेलास की दिसतात फक्त कापसाची, सोयाबीनची शेतं आणि लाल माती. नांगरट झाली आणि पहिला पाऊस पडून गेला की ढेकळांतून एकेक दगड धुऊन वर येतो. मुठीत मावेल एवढा, करडा, एका टोकाला निमुळता, अंगावर आडव्या वळ्या. हाताला साधा दगड, वजनाला दगड, पण आकार बघून गुरं राखलेला कोणीही ओळखेल. शेजारी हाडांचे तुकडेही असतात. हाड की दगड अशी शंका आली तर भूवैज्ञानिक जिभेला लावून बघतात. जुनं हाड सच्छिद्र, ते जिभेला चिकटतं. पोरांना हा प्रयोग फार आवडेल, वहिनींना आवडणार नाही.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण आम्लात विरघळवलं. मागे उरले सिलिकाचे सूक्ष्म कण. गवताच्या पात्यानं बोट कापतं ना, ते या सिलिकामुळे. पानाच्या पेशींत तो साठतो, आणि प्रत्येक कुळाच्या कणाची घडण वेगळी असते. झाड कुजून गेलं, जनावराच्या पोटातून गेलं, तरी कण तसाच राहतो. त्या कणांत ताड-माडाच्या जातीची झाडं निघाली, सूचिपर्णी निघाली, आणि निघालं गवत. किमान पाच प्रकारचं. 2005 साली हे छापून आलं तेव्हा चांगलीच खळबळ उडाली, कारण तोवर गवत डायनासोर गेल्यानंतरचं असंच धरून चालत. चित्रांत डायनासोरच्या पायाखाली गवत काढलं की जाणकार हसायचे. 2011 मध्ये त्याच गटानं आणखी पुढचं सांगितलं: लमेटाच्या या कणांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणा आहेत. ज्या पूर्व विदर्भात आज बांध्या-बांध्यांत धान उभं असतं, तिथं धानाचे भाऊबंद तेव्हाही होते. एक मात्र सांगून ठेवतो, गवत हे या जनावरांचं मुख्य खाणं नव्हतं. शेणात त्याचा वाटा थोडा. झाडपाला ओरबाडताना मिळेल ते खात असणार.

आणि आता तुझा भाग. दुसऱ्या एका गटानं याच शेणात बुरशा शोधल्या. 2005 मध्येच. त्यात निघालं काय? कोलेटोट्रिकम आणि अनसिन्युला. म्हणजे करपा आणि भुरी! तू ज्यांच्यावर दर छाटणीनंतर पंप घेऊन धावतोस, त्याच घराण्यातल्या. पानावर वाढणाऱ्या बुरशा पोटात गेल्या, म्हणजे जनावर झाडाची पानं खात होतं, आणि हवा उष्ण, दमट होती. तुझ्या हवामान ॲपपेक्षा हा पुरावा भक्कम.

हे शेण नेमकं कोणी टाकलं, यावर वाद घालायला जागा आहे. सांगाड्याच्या पोटात ते मिळालेलं नाही. त्याच थरांत टायटॅनोसॉरची हाडं भरपूर आहेत, खाणं वनस्पतींचं आहे, म्हणून त्यांच्या नावावर टाकतात. एवढ्या जनावराच्या मानानं लेंडी लहानच वाटते. मोठ्या लेंड्यांचं मला पटतं; बारक्या लेंड्या सरसकट त्यांच्याच म्हणायला मन धजत नाही, तिथं कासवं आणि मासेही होते.

तर बेत असा कर. नाताळात धार आणि बालासिनोर उरकून घे. माल निघाला, हिशेब झाला की उन्हाळ्यात सगळे इकडे या. उन्हाचं म्हणशील तर आहेच, पहाटे निघून नऊच्या आत शेतं बघून होतात. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही, आणि पोरांना आतापासून बजाव की उचलायचं, बघायचं आणि जिथल्या तिथं ठेवायचं. पिशव्या भरून नेणाऱ्यांनी आधीच बरंच संपवलंय. फोटोत मापासाठी पट्टी ठेवा, जागा लिहून ठेवा, तेवढं घरी न्या.

धाकट्याला म्हणावं, शेणाला हात लावायला लाजत असशील तर नागपूरला येऊ नकोस. यंदा डावणी किती आहे ते कळव, आणि गाडीत जागा उरली तर बेदाणा आण. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू